युक्रेन, रशिया आणि आठवणींवरचा पहारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ पासून युक्रेनचा विषय निघाला की मराठी गप्पांमध्ये ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही कुतूहलाचे असतात, काही खोचक. आघाडीवर आज काय चाललंय ते इथे नाही, ते उद्या शिळं होईल. या युद्धामागे जी तीन-साडेतीन शतकं आहेत, त्यांच्याबद्दलची ही उत्तरं.

युक्रेन आणि रशिया मुळात एकच ना? मग ही भाऊबंदकीच नाही का?

दोघंही आपलं मूळ 'रूस' नावाच्या मध्ययुगीन राज्यात शोधतात, इथवर खरं आहे. पण त्या राज्याची राजधानी होती कीव. ९८८ साली राजा व्होलोदिमिरने प्रजेला ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली ती कीवमध्ये, आणि अकराव्या शतकातलं सेंट सोफिया कॅथेड्रल आजही त्या शहरात उभं आहे. मॉस्कोचं नाव बखरीत पहिल्यांदा येतं ते ११४७ मध्ये. १२४० साली मंगोलांनी कीव बेचिराख केलं आणि तिथून वाटा फुटल्या. मॉस्कोचे राजे मंगोल खानांचे मांडलिक म्हणून वाढत गेले. कीवचा मुलूख आधी लिथुआनियाच्या आणि १५६९ नंतर पोलंडच्या अमलाखाली गेला. पुढची चारेकशे वर्षं दोन्हीकडचे कायदे, शिक्षण, शेजारी, अगदी बोलणंही वेगवेगळं घडत गेलं.

'आम्ही एकच' हा दावा मॉस्कोने पुढे केला, आणि तोही साम्राज्य पसरत असताना. पीटर द ग्रेटने १७२१ मध्ये 'सम्राट' ही पदवी घेतली तेव्हा 'रूस'चा वारसाही स्वतःच्या नावावर करून घेतला. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी दोन्ही लोकांच्या 'ऐतिहासिक ऐक्या'वर लांबलचक लेख लिहिला आणि २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात आजचा युक्रेन ही लेनिनची निर्मिती असल्याचं सांगितलं. तीन दिवसांनी रणगाडे निघाले. भाऊ म्हणून मिठी मारणाऱ्याला समोरच्याचं वेगळं नाव मान्य नसेल, तर ती भाऊबंदकी उरत नाही.

रशियाने भारताला नेहमी साथ दिली. त्याला 'साम्राज्य' म्हणणं जरा जास्तच नाही का होत?

आपली अडचण समजण्यासारखी आहे. आपल्याकडे साम्राज्य आलं ते जहाजातून, त्यामुळे गोऱ्या साहेबाने समुद्र ओलांडला तरच त्याला साम्राज्य म्हणायची आपल्याला सवय. रशियन साम्राज्य जमिनीवरून पसरलं. सायबेरिया, कॉकेशस, मध्य आशिया, पोलंडचा मोठा भाग, फिनलंड, क्रिमिया असं एकेक जोडत गेलं. नकाशात सलग रंग दिसला की तो जिंकलेला मुलूख वाटत नाही, देशच वाटतो.

दुसरं कारण आपल्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटात सापडेल. मॉस्कोच्या प्रकाशनसंस्थांची गुळगुळीत कागदावरची, स्वस्त आणि देखणी मराठी पुस्तकं वाचत दोन पिढ्या वाढल्या. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तो मनापासूनच. १९७१ मध्ये सोव्हिएत संघ सुरक्षा परिषदेत आपल्या पाठीशी उभा राहिला हेही खरं. पण तो सोव्हिएत संघ होता, आणि त्यात युक्रेनही होता. आपल्या हवाई दलाची अँटोनोव्ह एएन-३२ विमानं कीवच्या कारखान्यातली. नौदलाच्या अनेक युद्धनौका चालवणारी गॅस टर्बाइन इंजिनं मिकोलाइव्हची. आपण सरसकट सगळ्याला 'रशियन' म्हणत आलो, आणि उपकाराची सगळी पावती एकाच वारसदाराच्या नावे फाडली.

२ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आक्रमणाचा निषेध झाला तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्यामागे तेल, शस्त्रं आणि चीन असे हिशेब असतील. सरकारच्या हिशेबावर वाद घालता येतो. पण तो हिशेब म्हणजे इतिहास, असं समजायचं कारण नाही.

पण १६५४ मध्ये युक्रेननेच रशियात सामील व्हायचं ठरवलं होतं ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याने निदान एक खरं साल वाचलेलं असतं, म्हणून नीट उत्तर.

१६४८ मध्ये बोहदान ख्मेलनित्स्की या कोसॅक सेनापतीने पोलंडविरुद्ध बंड केलं. कोसॅक म्हणजे सरहद्दीवरचे स्वतंत्र बाण्याचे लढवय्ये. (त्या बंडात हजारो ज्यूंची कत्तल झाली, ज्यू स्मृतीत ख्मेलनित्स्की नायक नाही आणि कधी होणारही नाही.) सहा वर्षं लढून दमल्यावर त्याने रशियाच्या झारकडे संरक्षण मागितलं. जानेवारी १६५४ मध्ये पेरेयास्लाव गावी कोसॅक सरदार आणि झारचा वकील बुतुर्लिन भेटले. चर्चमध्ये शपथेची वेळ आली तेव्हा ख्मेलनित्स्की अडून बसला : आम्ही झारशी निष्ठेची शपथ घेतो, झारच्या वतीने तुम्हीही आमचे हक्क राखण्याची शपथ घ्या. पोलंडचा राजा घेत असे. बुतुर्लिनने साफ नकार दिला. झार प्रजेपुढे शपथ घेत नसतो. ख्मेलनित्स्की उठून बाहेर गेला, सरदारांशी खल केला, आणि शेवटी एकतर्फीच शपथ झाली.

पुढचं सगळं त्या नकारात दडलेलं होतं. कोसॅकांच्या लेखी तो अटींवरचा तह होता, मॉस्कोच्या लेखी शरणागती. १६६७ मध्ये मॉस्को आणि पोलंडने कोसॅकांना न विचारता द्निप्रो नदीवरून मुलूख वाटून घेतला. १७०८ मध्ये कोसॅकांचा हेतमान, म्हणजे प्रमुख, माझेपा पीटरला सोडून स्वीडनला मिळाला. पीटरच्या फौजेने त्याची राजधानी बातुरिन जाळून तिथल्या माणसांची कत्तल केली. पुढच्या वर्षी पोल्टावाच्या लढाईत माझेपाचा डाव संपला. १७६४ मध्ये हेतमानपद रद्द झालं. १७७५ मध्ये कॅथरिनने झापोरिझ्झियाची 'सिच', म्हणजे कोसॅकांची छावणी-राजधानी, मोडून टाकली. विशेष म्हणजे हे कोसॅक नुकतेच तिच्याच बाजूने तुर्कांशी लढून आले होते. त्यांचा शेवटचा प्रमुख कालनिशेव्स्की याला उत्तरेच्या पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्की बेटांवरच्या मठात डांबलं. पंचवीस वर्षांनी माफी मिळाली तेव्हा परत फिरण्याचं त्याचं वय उरलं नव्हतं. तो तिथेच मेला. सोलोव्कीचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९५४ मध्ये सोव्हिएत सरकारने पेरेयास्लावची त्रिशताब्दी 'पुनर्मीलन' म्हणून धूमधडाक्यात साजरी केली. कीवमध्ये नंतर उभारलेल्या मैत्री-कमानीखालचा रशियन आणि युक्रेनियन कामगारांचा पुतळा एप्रिल २०२२ मध्ये उतरवण्यात आला.

तारास शेवचेन्को कोण? प्रत्येक गावात त्याचाच पुतळा का?

भूदास म्हणून जन्मलेला कवी आणि चित्रकार. जन्म १८१४. मालकाने त्याला सोबत पीटर्सबर्गला नेलं, तिथल्या कलावंतांना त्याची चित्रं दिसली आणि त्यांनी त्याला सोडवायचं ठरवलं. मालकाने किंमत सांगितली २५०० रुबल. ब्रुलोव्ह या नामवंत चित्रकाराने कवी झुकोव्स्कीचं तैलचित्र काढलं, त्याची सोडत काढून पैसे उभे केले, आणि १८३८ मध्ये शेवचेन्को मोकळा झाला. दोन वर्षांनी त्याचा पहिला काव्यसंग्रह आला. त्याचं नाव 'कोबझार'. कोबझार म्हणजे खांद्याला तंतुवाद्य अडकवून गावोगाव कोसॅकांच्या लढायांची कवनं गाणारे, बहुतेक अंध, गायक. आपले शाहीर आठवले तर फारसं चुकणार नाही.

त्याने प्रेमाच्या आणि नदीच्या कविता लिहिल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. त्याने झारला नाव घेऊन झोडपलं. १८४५ मध्ये कॉकेशसमधल्या रशियन स्वारीवर कविता लिहिली आणि त्यात बाजू घेतली ती डोंगरातल्या मुस्लिम लढवय्यांची. एका गुलाम केलेल्या समाजाचा कवी दुसऱ्या, वेगळ्या धर्माच्या समाजाच्या बाजूने बोलतो, ही त्या काळात विरळा गोष्ट. १८४७ मध्ये त्याला एका गुप्त मंडळाच्या खटल्यात पकडून साधा शिपाई म्हणून ओरेनबुर्गच्या पलीकडे धाडलं. निकालपत्रावर निकोलस पहिल्याने स्वतःच्या हाताने शेरा मारला : कडक नजर ठेवावी, लिहिण्यास आणि चित्रं काढण्यास मनाई.

शेवचेन्कोने कागद कापून तळहाताएवढ्या वह्या शिवल्या, त्यात मुंगीच्या अक्षरात कविता उतरवल्या आणि त्या बुटाच्या खोळीत लपवून ठेवल्या. त्या वह्या टिकल्या. दहा वर्षांनी तो सुटला आणि १८६१ मध्ये गेला, भूदासप्रथा संपल्याचं फर्मान जाहीर व्हायच्या अवघे काही दिवस आधी.

२०१३-१४ च्या, कीवच्या मुख्य चौकातल्या सरकारविरोधी 'मैदान' आंदोलनात बॅरिकेडपुढे उभं राहून ती कॉकेशसची कविता म्हणणारा सेर्ही निगोयान हा आर्मेनियन कुटुंबातला विशीतला तरुण होता. जानेवारी २०१४ मध्ये आंदोलनात गोळीने पडलेल्या पहिल्या काहींमध्ये तो होता. आणि २०२२ च्या वसंतात रशियन सैन्य कीवजवळचं बोरोदियांका सोडून गेलं, तेव्हा चौकातल्या शेवचेन्कोच्या अर्धपुतळ्याच्या कपाळात गोळीचं भोक होतं. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या कवीवर गोळी झाडावीशी वाटणं, याचा अर्थ वाचकाने आपापला लावावा.

भाषेवर खरंच कायद्याने बंदी होती?

हो, आणि लेखी. १८६३ मध्ये गृहमंत्री वालुयेव्हने परिपत्रक काढलं : वेगळी 'मालोरशियन' (म्हणजे युक्रेनियन) भाषा कधी नव्हती, नाही आणि असू शकत नाही. तेव्हापासून त्या भाषेत शाळेची आणि धर्माची पुस्तकं छापणं बंद. १८७६ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा जर्मनीतल्या एम्स गावी औषधी पाण्याच्या झऱ्यांचे उपचार घ्यायला गेला होता. तिथून त्याने पुढचा हुकूम सोडला : परदेशातून युक्रेनियन पुस्तकं आणायची नाहीत, नाटकं करायची नाहीत, स्वरलिपीखाली गाण्याचे शब्दसुद्धा छापायचे नाहीत. (नसलेल्या भाषेसाठी इतकी तयारी!) ही बंदी मोडून पडली १९०५ च्या क्रांतीनंतर. म्हणजे १८८१ साली पुण्यात 'केसरी' सुरू झाला, तेव्हा कीवमध्ये स्वभाषेतलं वर्तमानपत्र काढण्याची सोय नव्हती.

वाचवलं ते ल्विवने. ते शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं, तिथे छापखाने मोकळे होते. कीवचे लेखक हस्तलिखितं सरहद्दीपलीकडे पाठवत आणि छापील पुस्तकं चोरून परत येत. मिखाइलो ह्रुशेव्स्कीने युक्रेनचा स्वतंत्र इतिहास लिहायला घेतला तोही ल्विवच्या विद्यापीठात. तोच ह्रुशेव्स्की १९१७ मध्ये कीवच्या मध्यवर्ती रादाचा, म्हणजे प्रतिनिधी सभेचा, अध्यक्ष झाला, आणि त्या रादाने जानेवारी १९१८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. बोल्शेविकांच्या फौजा काही दिवसांतच कीवमध्ये होत्या.

सोव्हिएत राजवटीत तरी सगळ्या भाषांना समान मान होता ना?

सुरुवातीला होता, हे मान्य करायला हवं. १९२३ पासून 'युक्रेनीकरण' हे अधिकृत धोरण होतं : शाळा, वर्तमानपत्रं, नाटकं, सरकारी कारभार, सगळं युक्रेनियनमध्ये. दशकभर साहित्याला नुसता बहर आला होता.

त्या बहराचा पत्ता सांगता येतो. तेव्हाची राजधानी खार्कीव, तिथली 'स्लोवो' नावाची इमारत. लेखकांच्या सहकारी संस्थेने बांधलेली, ६६ घरांची, वरून पाहिलं तर तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या आकाराची. ऐसपैस खोल्या, टेलिफोन. आणि लेखक एका जिन्यात सापडले की पहारा ठेवायलाही सोपं. १९३३ मध्ये अटका सुरू झाल्या. मित्राला उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ मे रोजी, लेखक मिकोला ख्विलोवीने सहकाऱ्यांना घरी बोलावलं, शेजारच्या खोलीत गेला आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो पक्का कम्युनिस्ट होता. एकेक घर रिकामं होत गेलं तसे रहिवासी इमारतीला 'क्रेमॅटोरियम' म्हणू लागले.

पकडलेल्यांपैकी अनेकांना सोलोव्कीला पाठवलं. कालनिशेव्स्कीचा मठ आता छळछावणी झाला होता. १९३७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथले १,१११ कैदी वायव्य रशियात, कारेलियातल्या सांदरमोखच्या जंगलात नेऊन गोळ्या घालून मारले. त्यांत नाट्यदिग्दर्शक लेस कुर्बास, नाटककार मिकोला कुलिश आणि कवी मिकोला झेरोव्ह होते. बोल्शेविक क्रांतीचा विसावा वाढदिवस तोंडावर आला होता.

ती जागा १९९७ मध्ये शोधून काढणाऱ्यांपैकी एक, रशियन इतिहास-अभ्यासक युरी दिमित्रीयेव्ह, आज रशियाच्याच तुरुंगात पंधरा वर्षांची शिक्षा भोगतो आहे. आरोप भलताच आहे आणि मानवाधिकार संघटना तो रचलेला मानतात. सोव्हिएत दडपशाहीच्या नोंदी ठेवणाऱ्या ज्या 'मेमोरियल' संस्थेत तो काम करत होता ती डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, आक्रमणाच्या दोन महिने आधी. 'स्लोवो' इमारतीला मार्च २०२२ मध्ये रशियन तोफगोळ्यांनी इजा झाली.

होलोदोमोर, म्हणजे १९३२-३३ चे युक्रेनमधले भूकबळी : दुष्काळ होता की नरसंहार?

दुष्काळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते. १९३२-३३ मध्ये युक्रेनची जमीन भेगाळलेली नव्हती. पीक उणं आलं होतं, पण तेवढ्याने लाखो मेले नसते. स्टालिनने सामूहिक शेती लादली होती आणि धान्यवसुलीचे आकडे आवाक्याबाहेरचे ठेवले होते. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातून मूठभर कणसं उचलणं हा मृत्युदंडापर्यंतचा गुन्हा ठरला. वसुली न भरणारी गावं काळ्या यादीत गेली : त्या गावच्या दुकानांत मीठ नाही, काडेपेटी नाही, रॉकेल नाही. टोळ्या लोखंडी गजांनी अंगण, चूल, भिंती टोचत धान्य शोधत. काही ठिकाणी बटाटे, बीट, भिजत घातलेल्या शेंगासुद्धा नेल्या. २२ जानेवारी १९३३ ला स्टालिन आणि मोलोतोव्हच्या सहीने हुकूम निघाला की युक्रेन आणि रशियातल्या कुबान प्रांताच्या शेतकऱ्यांना बाहेर पडू देऊ नका. रेल्वेची तिकिटं बंद झाली. भुकेल्याला वेशीच्या आत कोंडून ठेवलं. त्याच सुमारास सोव्हिएत संघ लाखो टन धान्य निर्यात करत होता, आणि शहरांतल्या 'तोर्गसिन' दुकानांत बायका लग्नाची अंगठी देऊन काही किलो पीठ घेत होत्या.

बहुतेक लोकसंख्या-अभ्यासक मृतांचा आकडा ३५ ते ४० लाखांच्या आसपास ठेवतात. कझाकस्तानातही त्याच काळात दहा लाखांहून जास्त माणसं भुकेने मेली. प्रमाणात पाहिलं तर ते याहून भीषण होतं, आणि त्याबद्दल बोललं जातं फारच कमी.

नरसंहार म्हणावं का? इतिहासकारांत वाद आहे. काहींच्या मते स्टालिनला शेतकरी वर्ग मोडायचा होता, राष्ट्र नव्हे. माझं मत दुसरीकडे झुकतं, आणि त्याचं कारण नुसती भूक नाही. त्याच महिन्यांत युक्रेनीकरण गुंडाळलं गेलं, युक्रेनियन शिक्षक, लेखक, पाद्री आणि पक्षातले युक्रेनियन कम्युनिस्टही पकडले गेले. वेशी बंद झाल्या त्या युक्रेनच्या आणि युक्रेनियन वस्तीच्या कुबानच्या. 'जेनोसाइड' ही संज्ञा घडवणाऱ्या राफाएल लेमकिनने १९५३ मध्ये नेमकं याच एकत्रित हल्ल्याकडे बोट दाखवलं होतं. युक्रेनच्या संसदेने २००६ मध्ये, तर जर्मन संसद आणि युरोपीय संसदेने २०२२ मध्ये तो नरसंहार म्हणून मान्य केला.

तेव्हा जगाला कळलं कसं नाही?

कळलं होतं. गॅरेथ जोन्स या वेल्श पत्रकाराने मार्च १९३३ मध्ये गाडीतून मध्येच उतरून गावं पायी तुडवली आणि बाहेर पडताच सगळं सांगितलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या वॉल्टर ड्युरांटीने त्याला छापून खोटं पाडलं. देशात तर बोलायचीच सोय नव्हती. १९३७ च्या जनगणनेत माणसं कमी भरली, तेव्हा जनगणना रद्द करून मोजणारे अधिकारी पकडले. पन्नासेक वर्षं घराघरांत आजी पोळपाटावरचा तुकडा फेकू देत नसे आणि का ते सांगत नसे. आता नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी लोक संध्याकाळी खिडकीत मेणबत्ती लावतात.

क्रिमिया तर रशियाचाच होता, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने तो उगीच युक्रेनला देऊन टाकला?

रशियाच्या आधी तिथे तीनशेहून अधिक वर्षं क्रिमियन तातारांची खानशाही होती. कॅथरिनने ती १७८३ मध्ये खालसा केली. १८ मे १९४४ च्या पहाटे सोव्हिएत गुप्त पोलिसांनी दारं ठोठावली आणि काही दिवसांत सुमारे १,९०,००० तातारांना मालगाड्यांत कोंबून बहुतेकांना उझबेकिस्तानात हाकललं. सगळ्या समाजावर नाझींशी हातमिळवणीचा ठपका होता. लाल सैन्यात लढलेले तातारही त्यातून सुटले नाहीत. गावांची तातार नावं बदलली. परतण्याची मुभा मिळाली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांचे नेते मुस्तफा जेमिलेव्ह हद्दपारीच्या वेळी तान्हं बाळ होते, पुढे अनेक वर्षं सोव्हिएत तुरुंगांत राहिले, आणि २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर त्यांना पुन्हा प्रवेशबंदी झाली. तातारांची प्रातिनिधिक सभा 'मेज्लिस' २०१६ मध्ये 'अतिरेकी' ठरवून बंद केली. तेव्हा क्रिमिया कुणाचा, हे विचारायचंच असेल तर आधी त्यांना विचारावं.

१९९१ चं स्वातंत्र्य आयतंच मिळालं, नाही का?

गोळीबार झाला नाही म्हणजे आयतं, असं नाही. ४ सप्टेंबर १९६५ ला कीवच्या एका चित्रपटगृहात दिग्दर्शक परजानोव्हच्या चित्रपटाचा खेळ होता. समीक्षक इव्हान ज्युबा मंचावर चढला आणि बुद्धिजीवींच्या गुपचूप चाललेल्या अटकांबद्दल बोलू लागला. जुलमाच्या विरोधात असलेल्यांनी उभं राहावं असं आवाहन झालं. उभे राहिलेल्यांत वासिल स्तुस हा तरुण कवी होता. त्याची संशोधनाची जागा लगेच गेली. पुढे १९७२ आणि १९८० मध्ये अटक झाली. दुसऱ्या खटल्यात सरकारने दिलेला वकील मेदवेदचुक याने आपल्याच अशिलाचा गुन्हा मान्य करून टाकला. स्तुस ४ सप्टेंबर १९८५ ला, त्या खेळाला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, रशियातल्या पर्मच्या कैदी छावणीत मेला. गोर्बाचेव्ह सत्तेवर आले होते. मेदवेदचुक पुढे पुतिन यांच्या खास गोटातला राजकारणी झाला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनने त्याला देऊन २०० लढवय्ये, त्यातले बरेच मारियुपोलचे, कैदेतून सोडवून आणले.

त्यानंतर चेर्नोबिल झालं. २१ जानेवारी १९९० ला ल्विव ते कीव लाखो लोकांनी मानवी साखळी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विद्यार्थी मुख्य चौकात उपोषणाला बसले आणि पंतप्रधानाला जावं लागलं. २४ ऑगस्ट १९९१ च्या घोषणेवर १ डिसेंबरला सार्वमत झालं : ९० टक्क्यांहून जास्त बाजूने. दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही ८० टक्क्यांच्या वर, क्रिमियात ५४. 'पूर्व युक्रेनला रशियातच राहायचं होतं' असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहावेत. १९९४ मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रं सोडून देण्याच्या बदल्यात सरहद्दींचा मान राखण्याचं जे आश्वासन मिळालं, त्यावर रशियाचीही सही आहे.

पुतळे पाडून आणि रस्त्यांची नावं बदलून काय मिळतं?

कधी बरंच काही. द्निप्रोपेत्रोव्स्क हे शहराचं नाव ज्या पेत्रोव्स्कीवरून होतं, तो होलोदोमोरच्या काळात युक्रेनच्या सत्तेत वरच्या जागी होता. भूकबळींच्या नातवंडांनी त्याचं नाव पत्त्यात का लिहावं? २०१६ पासून ते शहर नुसतं द्निप्रो आहे. लेनिनचे हजाराहून अधिक पुतळे उतरले. ओडेसातली कॅथरिन डिसेंबर २०२२ मध्ये हलली. कीवच्या अवाढव्य मातृभूमी-पुतळ्याच्या ढालीवरचा कोयता-हातोडा काढून ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे युक्रेनचं राष्ट्रचिन्ह त्रिशूळ बसवला.

कधी मात्र हात जरा सैल सुटतो. कीवमध्येच जन्मलेल्या, रशियनमध्ये लिहिणाऱ्या कादंबरीकार बुल्गाकोव्हचं काय करायचं, यावर तिथे कडाक्याचं भांडण आहे, आणि मला दोन्ही बाजू पटतात. बॉम्ब पडत असताना समतोल राखायला सांगणं बाहेरच्याला सोपं जातं.

रशियाही नुसता बघत बसलेला नाही. २०२२ च्या शरदात दक्षिण युक्रेनमधलं खेरसोन सोडून जाताना त्याच्या माणसांनी तिथल्या कला संग्रहालयातल्या दहा हजारांहून अधिक वस्तू ट्रकमध्ये भरून नेल्या. शिवाय कॅथेड्रलमधल्या थडग्यातून कॅथरिनचा सरदार पोटेमकिन याच्या अस्थीही उचलून नेल्या.

आत्ताच्या युद्धात 'संस्कृतीवर हल्ला' म्हणतात तो नेमका काय?

इझ्युमजवळच्या कापितोलिव्का गावात वोलोदिमिर वाकुलेन्को हा बालसाहित्यकार राहत होता. मुलगा स्वमग्न, म्हणून त्याने गाव सोडलं नाही. रशियन ताब्याच्या पहिल्या दिवसांत त्याने डायरी लिहिली. आपल्याला नेणार हे लक्षात आल्यावर ती गुंडाळून अंगणातल्या चेरीच्या झाडाखाली पुरली आणि वडिलांना सांगून ठेवलं. २४ मार्च २०२२ ला त्याला उचललं. गाव रशियन ताब्यातून सुटल्यावर सप्टेंबरमध्ये कादंबरीकार व्हिक्टोरिया अमेलिना तिथे गेली, वडिलांबरोबर तिने जमीन उकरली आणि डायरी वर काढली. ती आता खार्कीवच्या साहित्य संग्रहालयात आहे. वाकुलेन्कोचा मृतदेह इझ्युमच्या जंगलातल्या चारशेहून अधिक थडग्यांपैकी ३१९ क्रमांकाच्या थडग्यात सापडला. अमेलिना तोवर कादंबरी बाजूला ठेवून युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करू लागली होती. जून २०२३ मध्ये क्रामातोर्स्कच्या एका उपाहारगृहावर क्षेपणास्त्र पडलं, त्यात ती जबर जखमी झाली आणि १ जुलैला गेली.

मुलांचं प्रकरण वेगळंच. रशियात नेलेल्या १९ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी युक्रेनने केल्या आहेत. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं ते याच आरोपावरून.

आपल्या मराठी मुलांचं तिथे काय झालं?

खार्कीव, विनित्स्या, तेर्नोपिल अशा शहरांत वैद्यकीय शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातलीही पुष्कळ मुलं होती. बावीस हजारांहून अधिक भारतीय परत आले, त्यातले बरेच 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी. कर्नाटकातला एक विद्यार्थी १ मार्च २०२२ ला खार्कीवमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेला.

आणि बांदेरा? युक्रेनियन राष्ट्रवादी नाझींबरोबर नव्हते का?

काही होते, आणि हे झाकू नये. राष्ट्रवादी नेता स्तेपान बांदेराच्या संघटनेने सुरुवातीला जर्मनीवर भिस्त ठेवली. जून १९४१ मध्ये ल्विवला स्वतंत्र राज्य जाहीर केल्यावर जर्मनांनीच त्याला पकडलं आणि पुढे १९४४ पर्यंत तो कैदेत होता, त्यातला बराच काळ झाक्सेनहाउझेन छावणीत. १९५९ मध्ये केजीबीच्या मारेकऱ्याने त्याला म्युनिकमध्ये संपवलं. या दोन गोष्टींमुळे तो हुतात्मा दिसतो. पण ल्विवच्या १९४१ च्या ज्यूविरोधी हिंसाचारात त्याच्या संघटनेची माणसं होती, आणि १९४३ मध्ये तिच्याच लष्करी शाखेने वायव्य युक्रेनमधल्या व्होलिनमध्ये पोलिश गावंच्या गावं कापून काढली. शेजारच्या गालिसियातल्या कत्तली धरून बळींचे काही अंदाज लाखाच्या आसपास जातात. प्रत्युत्तरात पोलिश गटांनीही युक्रेनियन गावकरी मारले.

याच्या जोडीला हेही ठेवा : त्याच युद्धात लाखो युक्रेनियन लाल सैन्यात नाझींशी लढले, आणि कीवच्या बाबिन यार या घळीत २९-३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझींनी ३३,७७१ ज्यू मारले, त्या स्मारकावर सोव्हिएत काळात 'ज्यू' हा शब्द येऊ दिला नव्हता. २०१९ च्या निवडणुकीत अतिउजव्यांच्या संयुक्त यादीला सव्वादोन टक्केही मतं पडली नाहीत, आणि राष्ट्राध्यक्ष झाला तो झेलेन्स्की, ज्यू घरातला, ज्याचे आजोबा लाल सैन्यात होते. 'नाझी राजवट' या प्रचाराला एवढं पुरे.

व्होलिनचा प्रश्न मात्र प्रचाराने सुटणारा नाही. तो कीव आणि वॉर्सा यांनी आपसात सोडवायचा आहे, आणि युद्ध चालू असतानाच ते काम सरकतंय. जुलै २०२३ मध्ये झेलेन्स्की आणि पोलंडचे अध्यक्ष दूदा व्होलिनमधल्या लुत्स्कच्या चर्चमध्ये बळींसाठी एकत्र उभे राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये युक्रेनने उत्खननाची आडकाठी काढली आणि २०२५ च्या वसंतात तेर्नोपिल प्रांतात, जिथे पूर्वी पुझ्निकी नावाचं पोलिश गाव होतं, तिथली सामूहिक थडगी दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून उघडायला घेतली.